मागचे पान वाचल्याशिवाय चेक फाडू नका

मालेगावच्या न्यायालयात वकिली करणाऱ्या आणि वकील संघाचे ग्रंथालय सांभाळणाऱ्या वाचकांकडून वर्षाखेरीस तेच ते प्रश्न येतात. ‘नवा’ म्हणून घेतलेला ग्रंथ आतून जुनाच निघाला, काय करावे? एकच निवाडा चार मासिकांत येतो आणि चौघांची वर्गणी जाते, कोणते बंद करावे? न मागवलेले पुस्तक आले आणि आता बिलाचा तगादा लागला आहे, पैसे द्यावेच लागतील का? आणि १ जुलै २०२४ पासून सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न: भारतीय दंड संहितेची कपाटभर पुस्तके रद्दीत घालायची का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तिथे घाई झाली तर भरपाई होत नाही. घालू नका. कारणे पुढे येतील. बाकीच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे दोनच ठिकाणी लिहिलेली असतात: पुस्तकाच्या शीर्षकपानाच्या मागे आणि ऑर्डर फॉर्मच्या मागे. दुसऱ्याच्या करारातला स्वल्पविराम पकडणारे आपण वकील स्वतःच्या वर्गणीच्या फॉर्मवर मात्र चहा पिता पिता सही करतो.

पुनर्मुद्रण की नवी आवृत्ती?

मुखपृष्ठावर ठळक छापलेले वर्ष हे छपाईचे वर्ष असू शकते. मजकूर कोणत्या तारखेपर्यंतचा आहे, हे शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत दिलेले असते. तिथे पहिली आवृत्ती, त्यानंतरच्या आवृत्त्या आणि शेवटी पुनर्मुद्रणाची वर्षे ओळीने असतात. शेवटची आवृत्ती २०१८ ची आणि पुनर्मुद्रण २०२५ चे असेल, तर तुमच्या हातात २०१८ चा कायदा आहे, फक्त कागद नवा आहे.

यात प्रकाशकाने फसवलेच असे नाही. पुनर्मुद्रण हा सरळ धंदा आहे. मागणी टिकून असलेला ग्रंथ पुन्हा छापावाच लागतो. गफलत होते ती विक्रेत्याच्या तोंडी ‘नवीन’ या शब्दामुळे आणि आपण पान न उलटल्यामुळे.

मालेगावात याचा फटका कुठे बसतो, ते पाहा. इथे मुस्लिम व्यक्तिगत कायदा आणि वक्फ मिळकतींची कामे नेहमीची, त्यामुळे सर दिनशा मुल्लांचा ग्रंथ जवळपास प्रत्येक कार्यालयात असतो. वक्फ दुरुस्ती कायदा ८ एप्रिल २०२५ पासून अंमलात आला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यातील काही तरतुदींवर १५ सप्टेंबर २०२५ रोजी अंतरिम आदेश दिला. त्यानंतर विकत घेतलेल्या पण आधी तयार झालेल्या पुस्तकात यातले काहीच नसणार. यंत्रमागाच्या कामगारांच्या दाव्यांचेही तसेच. चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, तेव्हा कामगार कायद्यावरची कॉमेंटरी घेताना ती कोणत्या तारखेपर्यंतची आहे, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

विकत घेण्याआधी एवढे करा:

- शीर्षकपानाची मागची बाजू वाचा. आवृत्तीचे वर्ष आणि पुनर्मुद्रणाचे वर्ष वेगवेगळे लिहून घ्या.
- प्रस्तावनेखालची तारीख पाहा. ‘अमुक तारखेपर्यंतचा कायदा घेतला आहे’ असे वाक्य बहुधा तिथेच सापडते.
- पुरवणी जोडलेली असेल, तर ती मूळ मजकुरात मिसळली आहे की शेवटी चिकटवली आहे, ते बघा. शेवटी चिकटवलेली असेल तर कलम वाचताना ती पाहायची राहून जाते.
- तुम्हाला माहीत असलेली एक अलीकडची दुरुस्ती मनाशी धरा आणि ती पुस्तकात शोधा. दोन मिनिटे लागतात.
- बिलावर ‘अमुक वर्षाची, अमुक क्रमांकाची आवृत्ती’ असे लिहून घ्या.

शेवटचा मुद्दा सोडू नका. मालविक्री कायदा, १९३० च्या कलम १५ प्रमाणे वर्णनावरून विकलेला माल वर्णनाबरहुकूम असावा लागतो. बिलावर नुसते पुस्तकाचे नाव असेल, तर वर्णन काय होते यावरच वाद सुरू होईल.

जुने रिपोर्टर: पान क्रमांक जुळला तरच उपयोग

कॉमेंटरी ताजी हवी, रिपोर्टर मात्र जसाच्या तसा हवा. इंडियन लॉ रिपोर्ट्सची मुंबई मालिका १८७६ पासूनची, बॉम्बे लॉ रिपोर्टर १८९९ पासूनचा, नागपूरच्या ऑल इंडिया रिपोर्टरमध्ये १९१४ पासूनचे निवाडे. यांचे जुने खंड पुनर्मुद्रित स्वरूपात मिळतात आणि ते घ्यायला हरकत नाही. अट एकच: पाने मूळ खंडाप्रमाणेच असली पाहिजेत. निवाड्याचा दाखला म्हणजे वर्ष, न्यायालय आणि पान. मजकूर नव्याने जुळवून छापला असेल आणि पाने हलली असतील, तर तो खंड शोभेचा.

तपासायची सोपी युक्ती सांगतो. तोंडपाठ असलेले दोन-तीन दाखले घ्या आणि तेच पान उघडा. ऑल इंडिया रिपोर्टरच्या १९६२ च्या सर्वोच्च न्यायालय विभागात पान ६०५ वर नानावटी खटला सुरू झाला पाहिजे. १९८४ मध्ये पान १६२२ वर शरद बिरधीचंद सारडा, जो परिस्थितीजन्य पुराव्याच्या प्रत्येक सेशन केसमध्ये निघतो. १९७३ मध्ये पान १४६१ वर केशवानंद भारती. तीनही जागच्या जागी असतील तर पुढे बोला.

निवृत्त झालेल्या किंवा दिवंगत वकिलांच्या घरून अख्खा संच मिळत असेल, तर तो नव्या पुनर्मुद्रणापेक्षा पुष्कळदा बरा पडतो. पण असा संच कपाटाच्या काचेतून पाहून ठरवू नका. सलग वर्षे आहेत का ते बघा. प्रत्येक खंडाची अनुक्रमणिका शाबूत आहे का ते बघा. आणि खंड उभा धरून पानांच्या कडांकडे नीट पाहा: मध्येच फट दिसली, तर कुणीतरी युक्तिवादासाठी निवाडाच कापून नेलेला असतो. असे खंड जास्त वापरातल्या वर्षांचेच निघतात, हे वेगळे सांगायला नको. वाळवी एका खंडात दिसली, तर पूर्ण संच घरी आणू नका. ती तुमच्या कपाटातही शिरेल.

बायंडरकडे देण्याआधी

मासिक अंक येतात, साठतात आणि वर्ष संपले की महिन्यांच्या क्रमाने बांधले जातात. इथेच घोटाळा होतो. अनेक रिपोर्टरच्या एका अंकात वेगवेगळे विभाग असतात: सर्वोच्च न्यायालय, उच्च न्यायालये, टिपणवजा निवाडे, लेख. प्रत्येक विभागाची पाने स्वतंत्र चालतात. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाचा विभाग शंभराव्या पानावर थांबला, तर फेब्रुवारीत तो एकशे एकपासून सुरू होतो. अंक जसेच्या तसे बांधले तर एकाच खंडात पान १०१ चार वेळा येते आणि शोधणारा वैतागतो. म्हणून अंक आधी उसवून विभागवार लावायचे, मग बांधायचे. हे काम बायंडरवर सोडू नका. ग्रंथपालाने किंवा एखाद्या कनिष्ठ वकिलाने विभागांच्या जुड्या करून, दोऱ्याने बांधून, वर चिठ्ठी लावून द्यावे.

वार्षिक अनुक्रमणिका आणि शीर्षकपान शेवटच्या अंकासोबत किंवा त्यानंतर येते. ते हातात येईपर्यंत थांबा. शुद्धिपत्र आले असेल तर ते फेकू नका, खंडातच बांधून घ्या. कडा छाटताना समासातली टिपणे आणि पान क्रमांक कापले जाणार नाहीत, एवढे बायंडरला बजावून सांगा. मालेगावच्या धुळीत आणि मागांच्या कापूसतंतूंत सुटे अंक उघड्या रॅकवर दोन उन्हाळेही टिकत नाहीत, तेव्हा हे काम मे महिन्याच्या सुटीत उरकलेले बरे.

कोणती वर्गणी ठेवावी

सर्वोच्च न्यायालयाचा एखादा फौजदारी निवाडा ऑल इंडिया रिपोर्टर, सुप्रीम कोर्ट केसेस, क्रिमिनल लॉ जर्नल आणि महाराष्ट्रातल्या एखाद-दुसऱ्या रिपोर्टरमध्येही येतो. वर एकाच प्रकाशनसंस्थेची विषयवार मालिका असते, ज्यात तेच निवाडे पुन्हा निवडून छापलेले असतात. सुप्रीम कोर्ट केसेसची फौजदारी मालिका ही अशीच मूळ मालिकेतून काढलेली आहे. मूळ घेत असाल तर ती पुन्हा कशाला? उलट, फक्त फौजदारी काम करणाऱ्याला तेवढी एकच मालिका पुरते.

आता फुकट काय मिळते, ते मांडा. सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०२३ रोजी ई-एससीआर सुरू केले. सुप्रीम कोर्ट रिपोर्ट्स हा अधिकृत रिपोर्टर सुमारे ३४ हजार निवाड्यांसह, सारांशटिपणांसकट, विनामूल्य खुला झाला. काही निवाड्यांची मराठी भाषांतरेही तिथे आहेत. उच्च न्यायालयांचे निवाडे ई-कोर्ट्सच्या निवाडा शोध पोर्टलवर आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर मिळतात. केंद्रीय कायदे ‘इंडिया कोड’वर आहेत. शिवाय २०२३ पासून निवाड्यांना न्यायालयाचाच तटस्थ क्रमांक मिळतो: सर्वोच्च न्यायालयाचा ‘आयएनएससी’, मुंबई उच्च न्यायालयाचा ‘बीएचसी’ अक्षरांचा. नाशिक जिल्ह्यातली प्रकरणे मुंबईच्या मुख्य पीठाकडे जात असल्याने आपल्याला बहुधा त्यातली ‘एएस’ म्हणजे अपील शाखेची खूण दिसते. नव्या निवाड्याचा दाखला द्यायला आता कोणाही खासगी प्रकाशकाचे पान लागत नाही.

माझे मत स्पष्ट सांगतो. मालेगावसारख्या ठिकाणच्या ग्रंथालयाने सर्वोच्च न्यायालयासाठी छापील वर्गण्यांची रांग लावू नये. ई-एससीआर आणि सोबत फार तर एक खासगी मालिका. मुंबई उच्च न्यायालयासाठी मात्र महाराष्ट्राचा एक चांगला रिपोर्टर पैसे देऊन ठेवावाच, कारण संकेतस्थळावरच्या निवाड्याला सारांशटिपण नसते आणि कूळकायदा, महसूल, भाडे नियंत्रण या आपल्या रोजच्या विषयांवरचे निवाडे अशा रिपोर्टरमधूनच लवकर कळतात. वाचलेला पैसा चालू आवृत्तीच्या कॉमेंटरींवर घालावा.

ऑनलाइन डेटाबेस घेणार असाल, तर आधी चार गोष्टी विचारा. एका वेळी किती जण वापरू शकतात? प्रवेश पासवर्डवर की बार रूमच्या जोडणीवर? वर्गणी थांबवल्यावर आधीचे काही हाती राहते का? (बहुधा काहीच राहत नाही.) आणि सांगितलेल्या किमतीत जीएसटी धरला आहे का? छापील पुस्तके आणि नियतकालिकांवर जीएसटी नाही, डेटाबेसवर १८ टक्के लागतो. जीएसटी नोंदणी नसलेल्या वकील संघाला त्याची वजावटही मिळत नाही, म्हणजे तो खर्चच.

विधी महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना हे सगळे जसेच्या तसे लागू होत नाही. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत काही मालिका आणि त्यांचे मागील किमान दहा वर्षांचे खंड अपेक्षित आहेत, तेव्हा तपासणीची यादी समोर ठेवूनच कात्री लावा.

ऑर्डर फॉर्मच्या मागे

सही करण्याआधी या अटी शोधा आणि नको असतील तर खोडून, शेजारी सही करून द्या:

- वर्गणी आपोआप पुढे चालू राहील, बंद करायची असल्यास अमुक दिवस आधी कळवावे.
- ‘स्थायी मागणी’: ग्रंथाची प्रत्येक नवी आवृत्ती व पुरवणी न विचारता पाठवली जाईल.
- अंक न मिळाल्याची तक्रार ठरावीक मुदतीतच घेतली जाईल.
- वाद झाल्यास फक्त प्रकाशकाच्या शहरातील न्यायालयांना अधिकार.
- टपालखर्च व बांधणीखर्च वेगळा. ‘आजीव सभासद’ योजनांत खरा खर्च इथेच असतो.

पुढच्या तारखांचे चेक आणि बँकेतून परस्पर कपातीची संमती, दोन्ही टाळा. तीन वर्षांच्या सवलतीपेक्षा एका वर्षाची वर्गणी महाग दिसते, पण नव्या प्रकाशनाच्या बाबतीत तीच स्वस्त ठरते. प्रतिनिधीने तोंडी दिलेला शब्द फॉर्मवर उतरवून त्याची सही घ्या. पुढच्या वर्षी दुसराच माणूस येतो. आणि संघाच्या वतीने सही कोणी करायची, हे ठरावाने नक्की करा. एकाने बंद केलेली वर्गणी दुसरा पदाधिकारी चालू करून बसतो, अशा तक्रारी आमच्याकडे कमी येत नाहीत.

वर्गणीचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर, संघाचे हिशेबाचे वर्ष एप्रिल ते मार्च. म्हणून आढावा दिवाळीच्या सुटीत घ्या. मार्चमध्ये विचार करणाऱ्याची वर्गणी जानेवारीतच पुढे सरकलेली असते.

बंद करण्याचे पत्र दोन ओळींचे पुरे: ‘आमच्या संघाची अमुक प्रकाशनाची वर्गणी (क्रमांक अमुक) चालू मुदत संपताच बंद करावी. या पत्रानंतर आमच्या लेखी मागणीशिवाय कोणतेही प्रकाशन पाठवू नये. पाठवल्यास ते स्वीकारले जाणार नाही व त्याचे मूल्य देय राहणार नाही.’ ईमेल करा आणि स्पीड पोस्टानेही पाठवा. टपाल खात्याची रजिस्टर सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झाली आहे. पोच मागायला विसरू नका.

न मागवलेले पुस्तक आले तर

पाकीट फोडले नसेल तर ‘घेण्यास नकार’ लिहून परत करा. व्हीपी असेल तर पैसे भरूच नका. शिपायाला आणि दुपारी बार रूममध्ये बसणाऱ्यांना हे सांगून ठेवा, कारण व्हीपी बहुतेक वेळा सोडवतो तो भलताच कोणी, सद्भावनेने.

पाकीट फोडले असेल तरी घाबरू नका, पण पुस्तकावर ग्रंथालयाचा शिक्का मारू नका आणि दाखलनोंद वहीत चढवू नका. मालविक्री कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे, विक्रेत्याच्या मालकीशी विसंगत असे काही तुम्ही केलेत, किंवा नाकारल्याचे न कळवता वाजवी मुदतीपलीकडे माल ठेवून घेतलात, तर तो स्वीकारला असे धरले जाते. शिक्का म्हणजे तुमच्याविरुद्धचा आयता पुरावा. कलम ४३ तुमच्या बाजूचे आहे: नाकारलेला माल तुम्ही पोचवून देण्यास बांधील नाही, नाकारल्याचे कळवणे पुरेसे. तेव्हा आठवड्याच्या आत लिहा, ‘पुस्तक तुमच्या जोखमीवर आमच्याकडे आहे, तुमच्या खर्चाने घेऊन जा’. आणि तोवर ते कोणाला वाचायला देऊ नका. वापरून परत करण्याचा हक्क कायद्यात नाही.

मात्र जुन्या फॉर्मवर ‘स्थायी मागणी’ असेल, तर ते पुस्तक न मागवलेले ठरत नाही. आधी फाइल काढा, मग भांडा.

दाद कुठे मागायची

अंक गहाळ, डेटाबेस महिनोन्‌महिने बंद, पैसे परत नाहीत: आधी लेखी मागणी, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद. काम झाले नाही तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार करता येते, त्यामुळे दिल्ली-लखनौच्या अधिकारक्षेत्राची अट इथे आड येत नाही. दिवाणी दाव्यात ती येऊ शकते. पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेला असेल तर शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, आणि दाखल करणे ई-जागृती पोर्टलवरून होते. समोरचा ‘व्यावसायिक हेतू’चा बचाव घेईल, हे गृहीत धरा. एकट्या वकिलाने ‘उपजीविकेसाठी स्वयंरोजगार’ हे तक्रारीतच मांडावे. संघाने ग्रंथालय नफ्यासाठी चालत नाही हे घटनेसह दाखवावे.

तक्रार टिकते ती आवक वहीवर. प्रत्येक अंकाची क्रमांक आणि तारखेसह नोंद नसेल, तर ‘आम्ही पाठवला’ या प्रकाशकाच्या एका वाक्यापुढे तुमच्याकडे काही उरत नाही.

झेरॉक्स, स्कॅन, पासवर्ड

न्यायालयाचा मूळ निवाडा पुन्हा छापायला कोणालाही मोकळीक आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये तशी तरतूद आहे, आणि ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये हे स्पष्ट केले. पण संपादकाने घातलेली सारांशटिपणे, परिच्छेदांची मांडणी, क्रमांक यांवर त्याचा हक्क मान्य केला. न्यायालयात देण्यासाठी छापील खंडातून निवाड्याची झेरॉक्स काढायला हरकत नाही. न्यायिक कामकाजासाठीची प्रत त्याच कलमाने वाचवली आहे. अख्खा खंड स्कॅन करून बारच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणे वेगळे. डेटाबेसचा पासवर्ड वाटणे हा तर सरळ कराराचा भंग. प्रकाशक खाते बंद करतो आणि ऐन तारखेला सगळ्यांचीच अडचण होते.

काय बाद करायचे, काय नाही

आता दंड संहितेकडे. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, पण त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला जुनीच संहिता लागते. न्याय संहितेच्या कलम ३५८ मध्ये ती वाचवली आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३१ ने त्या दिवशी प्रलंबित असलेले तपास, खटले आणि अपिले जुन्या प्रक्रिया संहितेखालीच चालू ठेवली. मालेगावच्या सेशन कोर्टात ही प्रकरणे अजून बरीच वर्षे चालतील, मग अपिले. शिवाय ३०२ चे कलम १०३ झाले तरी खुनाच्या व्याख्येवरचे निवाडे जुन्या ग्रंथांतच आहेत. रतनलाल-धीरजलाल यांचा दंड संहितेवरचा ग्रंथ कपाटातच राहू द्या. फक्त कण्यावर रंगीत पट्टी लावा: ‘३० जून २०२४ पर्यंतचे गुन्हे’. शेजारी जुन्या-नव्या कलमांचा तक्ता चिकटवा.

हाच न्याय १८९४ चा भूसंपादन कायदा, १९४७ चा मुंबई भाडे कायदा, १९८६ चा ग्राहक कायदा यांना. प्रत्येकाची शेवटची चांगली आवृत्ती एक प्रत ठेवा, बाकीच्या काढा. राज्याच्या कायद्यांत आणखी एक गोंधळ आहे. २०१२ मध्ये अनेक ‘मुंबई’ कायद्यांची नावे ‘महाराष्ट्र’ झाली: मुंबई पोलीस अधिनियम, मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, मुंबई कूळवहिवाट अधिनियम. यादीत एकच कायदा दोन नावांनी असेल, तर पुस्तक कपाटात असूनही दुसरे विकत घेतले जाते. दोन्ही नावे एकाच नोंदीत आणा.

निर्धास्तपणे काढता येईल ते असे: मधल्या आवृत्त्यांच्या जादा प्रती, बांधून झालेल्या खंडांचे सुटे जोड-अंक, ई-एससीआरवर पानासह असलेल्या रिपोर्ट्सचे फाटके दुसरे संच, दुरुस्त्यांनी कालबाह्य झालेली खिशातली कायदेपुस्तके. मुंबई उच्च न्यायालयाचे जुने खंड मात्र शेवटी. संकेतस्थळांवर जुने निवाडे सहज सापडत नाहीत.

काढताना यादी करा, कार्यकारिणीचा निर्लेखनाचा ठराव घ्या, दाखलनोंद वहीत त्या क्रमांकापुढे तांबड्या शाईने तारीख आणि ठराव क्रमांक लिहा, पुस्तकावर ‘बाद’ शिक्का मारा. रद्दीवाल्याआधी तालुक्यातल्या नव्या वकिलांना यादी दाखवा. संघाची नोंदणी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून असेल, तर लेखापरीक्षक ही वही मागणारच.